दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदा पक्षी बघायला जाताना ठिकाण कसं निवडावं

पहिल्या खेपेला मी दक्षिण अमेरिकेत सोळा दिवस होतो आणि त्या सोळा दिवसांत ब्राझील, पेरू आणि इक्वेडोर असे तीन देश बसवले होते. परत आल्यावर नोंदवही उघडून मोजलं, तर सोळापैकी फक्त सहा पहाटा जंगलात गेल्या होत्या. बाकीच्या विमानतळावर, बसमध्ये, नाहीतर हॉटेलच्या दारात बॅगा राखत. पहाट गेली की पक्षी बघणाऱ्याचा दिवस गेला, हे भिगवणला किंवा ताम्हिणीला जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण एवढं लांब चाललोय, तिकिटाला एवढे पैसे घातलेत, मग सगळंच बघून येऊ, असं नकाशासमोर बसलं की वाटतंच. मलाही वाटलं होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक वेळी मी किती देश होतात ते न मोजता जंगलात किती पहाटा मिळतात ते मोजलं. खाली जे लिहिलंय ते याच हिशोबाने लिहिलंय. सह्याद्रीत, ताडोबात, नांदूर मध्यमेश्वरला पक्षी-प्राणी बघून झालेत आणि आता एवढा मोठा प्रवास एकदा तरी करायचाय, अशा माणसांसाठी.

पायरी १ : देश नंतर, आधी अधिवास

इक्वेडोर हा देश क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान आहे. तरी तिथे पक्ष्यांच्या १,६०० हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. अख्ख्या भारतात हा आकडा तेराशेच्या थोडा वर जातो. कोलंबियात तर एकोणीसशेच्या आसपास जाती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. याचं मोठं कारण म्हणजे अँडीज पर्वत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिथे रस्त्यावरचा एखादा घाट ४,००० मीटरवर सुरू होतो आणि काही तासांत तुम्हाला ५०० मीटरवर आणून सोडतो. दर पाचशे मीटरला झाडं बदलतात आणि झाडांबरोबर पक्षी बदलतात. डोंगराचा पूर्व उतार आणि पश्चिम उतार यांचेही पक्षी वेगळे, कारण मधली भिंत ओलांडणं बऱ्याच जातींना जमलेलं नाही.

म्हणून 'ब्राझीलला जाऊ की पेरूला' हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्याला काय बघायचंय ते घरच्यांबरोबर बसून ठरवा. ढोबळमानाने पाच प्रकारच्या जागा आहेत: डोंगरउतारावरची ढगात बुडालेली जंगलं, खालचं सपाट अमेझॉन, पांतानालसारख्या पाणथळ जागा, दक्षिणेचा थंड पातागोनिया आणि गालापागोस बेटं. पहिल्या प्रवासात यातले दोन घ्या, फार तर तीन, आणि तेही एकाच देशात मिळत असतील तरच.

ढगांच्या जंगलात हमिंगबर्ड असतात. आपल्याकडे शिंजीर फुलावर भिरभिरताना दिसला की लोक हौसेने 'हमिंगबर्ड दिसला' म्हणतात, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आहेत. त्यांच्या सुमारे ३६० जाती आहेत आणि त्यातल्या १३० च्या आसपास एकट्या इक्वेडोरमध्ये. शिंजिराचा आणि त्यांचा नात्याने काही संबंध नाही. असंच टुकनचं. मोठी चोच बघून आपल्याला धनेश आठवतो, पण टुकनचे खरे भाऊबंद म्हणजे आपल्या सोसायटीतल्या उंबरावर 'टुक टुक' करणारा तांबट आणि खोडावर ठोकणारा सुतार. हे डोक्यात ठेवून टुकनचे पाय बघा, दोन बोटं पुढे आणि दोन मागे, अगदी सुताराची ठेवण.

आता अमेझॉनबद्दल एक सांगतो, आणि हे पहिल्यांदा जाणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. नवख्याने सुरुवात अमेझॉनपासून करू नये. नाव मोठं आहे, आतलं जीवनही अफाट आहे, पण ते दिसत नाही. पक्षी तीस-चाळीस मीटर उंच पानांत, खाली अंधार, अंगाला घामाची चिकट, आणि दोन तासांत तुमच्या वहीत चार नावं. मग अचानक एक मिश्र थवा येतो, तीस-चाळीस जाती एकदम डोक्यावरून जातात आणि पाच मिनिटांत सगळं शांत. ज्याला तिथल्या पक्ष्यांची काहीच ओळख नाही त्याच्या हाती त्या पाच मिनिटांत फक्त मानदुखी येते. आधी चार दिवस ढगांच्या जंगलात डोळे आणि कान तयार करा, मग अमेझॉनमध्ये उतरा. तेच जंगल मग वेगळं दिसतं.

पायरी २ : तुमच्या सुट्टीचा महिना कुठे बसतो ते बघा

आपल्या सुट्ट्या ठरलेल्या: मे महिना, दिवाळी आणि नाताळ. त्याप्रमाणे बघू.

मे महिन्यात पेरूचा पाऊस सरलेला असतो. मानू आणि ताम्बोपाता या तिथल्या दोन्ही जंगलांत जाता येतं. गालापागोसलाही मे चांगला, कारण एस्पान्योला बेटावरचे अल्बाट्रॉस एप्रिलमध्ये परत आलेले असतात. दिवाळीच्या सुमारास अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ राइट व्हेल आपल्या पिल्लांसह असतात आणि दक्षिणेकडे पुन्ता तोम्बोला मॅगेलनी पेंग्विनची वसाहत भरलेली असते. इक्वेडोरलाही नोव्हेंबर दोन्ही उतारांना बऱ्यापैकी जमतो. तिथला पूर्व उतार जून-जुलैत भयंकर ओला असतो, तेवढं टाळा. नाताळात कोलंबिया, डिसेंबर ते मार्च हा तिथला कोरडा काळ.

राहिला पांतानाल. त्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबरची सुरुवात, म्हणजे आपल्या शाळा सुरू, पाऊस सुरू, गणपती तोंडावर. पण शाळेत जाणारी मुलं बरोबर नसतील तर हाच काळ सगळ्यात सोयीचा, कारण तेव्हा ताडोबाचा गाभा बंद असतो आणि आपण घरी खिडकीतून पाऊस बघत बसलेलो असतो.

पायरी ३ : पहिल्या प्रवासाला माझी शिफारस इक्वेडोर

कारण साधं आहे. राजधानी क्विटोच्या विमानतळावरून दोन-अडीच तासांत तुम्ही पश्चिम उतारावर तांदायापा किंवा मिंदोला असता, आणि दुसऱ्या बाजूने तेवढ्याच वेळात पूर्व उतारावर. वेळ गाडीत जात नाही. चलन अमेरिकी डॉलर आहे, २००० सालापासून, त्यामुळे पैसे बदलायची कटकट एकदाच. आणि विषुववृत्तावर असल्यामुळे वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पावणेपाचला उठायचं, पाचला कॉफी, साडेपाचला जंगलात, हा क्रम एकदा बसला की बसला.

चौदा रात्री असतील तर मी अशा वाटेन: सुरुवातीला क्विटोत दोन, मिंदो-तांदायापा भागात चार, पूर्व उतारावर तीन, खाली अमेझॉनच्या जंगलात नापो नदीवर चार आणि शेवटची पुन्हा क्विटोत. मुक्काम बदलायचे तरी चारदाच बॅग भरायची.

मिंदो सुमारे १,२५० मीटरवर आहे, हवा महाबळेश्वरच्या जवळपासची. अनेक मुक्कामांच्या व्हरांड्यात साखरपाण्याची भांडी टांगलेली असतात आणि त्यांवर हमिंगबर्डची ही झुंबड. पहिला अर्धा तास कॅमेरा खाली ठेवा. एकेक जात वेगळी काढायला शिका: कोण भांड्यावर बसून पितो, कोण हवेत थांबूनच पितो, कोण बाकीच्यांना हाकलतो. अशी ओळख पटवलेली जात नंतर जंगलात क्षणभर दिसली तरी ओळखू येते.

याच भागात आंखेल पास नावाच्या शेतकऱ्याची जमीन आहे. तिच्यावर कॉक ऑफ द रॉक या लालभडक पक्ष्याच्या नरांचा नाचाचा अड्डा होता, तो बघायला पक्षीनिरीक्षक येऊ लागले. मग त्याला जायंट अँटपिटा दिसली. अँटपिटा म्हणजे जमिनीवर अंधारात उड्या मारत फिरणारा, जवळपास शेपूट नसलेला, गोल अंगाचा आणि उंच पायांचा पक्षी. अनुभवी माणसंही वर्षानुवर्षं फक्त तिचा आवाज ऐकत आलेली. याने तिला गांडुळं घालायला सुरुवात केली, नाव ठेवलं मारिया, आणि रोज तिच्या नावाने हाक मारू लागला. मारिया यायला लागली. आता जगभरातून लोक त्या शेतावर पहाटे जाऊन उभे राहतात. मी उभा होतो तेव्हा धुकं इतकं होतं की शेजारच्याचा चेहरा दिसत नव्हता. आधी खालून दरीतून डुकरांनी घोगरं ओरडावं तसे नरांचे आवाज आले, मग धुक्यात एक लाल ठिपका, मग दुसरा. तासाभराने झुडपाखालून अँटपिटा बाहेर आली, गांडूळ उचललं, मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं आणि आत गेली. ज्या शेतकऱ्याला जंगल तोडून चार पैसे मिळाले असते, त्याला ते राखून मिळताहेत. तुमचे पैसे अशा जागी जावेत असं मला मनापासून वाटतं.

पूर्व उतारावर पापायाक्ताच्या खिंडीत ४,००० मीटरच्या वर गवताळ थंड पठार आहे, तिथे आणि आंतिसानाच्या बाजूला कॉन्डोर दिसायची शक्यता चांगली. पंखांचा विस्तार तीन मीटरहून जास्त, तरी लांबून आपल्या गिधाडासारखाच तरंगतो. खाली ग्वांगोला, २,७०० मीटरवर, तलवारचोच्या हमिंगबर्ड नक्की शोधा. शेपूट सोडली तर त्याची चोच त्याच्या अंगापेक्षा लांब असते. ती इतकी लांब की पिसं साफ करायला चोचीचा उपयोग होत नाही, म्हणून तो पायाने खाजवून पिसं नीट करतो. फांदीवर बसलेला असताना हे स्वच्छ दिसतं. आणि एवढी चोच कशासाठी? तिथे लांब नळीची फुलं येणारे कृष्णकमळाच्या कुळातले वेल आहेत, त्यांच्या तळाचा मध त्यालाच पोहोचतो.

नापोसाठी क्विटोहून कोका या गावाला विमानाने जायचं, पाऊण तासाच्या आत पोहोचता, आणि पुढे मोटार लावलेल्या लांब होडीतून दोन-तीन तास. मुक्काम निवडताना एकच गोष्ट बघा: झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर नेणारा मनोरा किंवा पूल आहे का. तो असेल तर मघाशी सांगितलेली मानदुखी टळते, पक्षी डोळ्यांसमोर येतात. यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात किच्वा आदिवासींनी स्वतः चालवलेला मुक्कामही आहे. याच यासुनीतल्या एका पट्ट्यातलं तेल जमिनीतच राहू द्यावं असा कौल इक्वेडोरच्या मतदारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. तिथल्या होडीवाल्याशी याबद्दल बोला. त्याच्या घरातली गोष्ट आहे ती.

एक सावधगिरी. इक्वेडोरमध्ये गेल्या काही वर्षांत गुन्हेगारी टोळ्यांमुळे परिस्थिती बिघडली, विशेषतः किनारपट्टीच्या शहरांत. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा. क्विटोत रात्री पायी भटकू नका, जंगलाच्या मुक्कामाची गाडी आधीच ठरवून ठेवा.

पायरी ४ : पक्ष्यांपेक्षा प्राण्यांची ओढ जास्त असेल तर पांतानाल

घरात एकाला पक्षी आवडतात आणि बाकीच्यांना वाघ. अशा कुटुंबाने सरळ ब्राझीलच्या पांतानालला जावं. साओ पाओलोहून कुइआबाला विमान, तिथून पोकोने गाव, आणि पोकोनेपासून पोर्तो जोफ्रेपर्यंत ट्रान्सपांतानेइरा नावाचा सुमारे १४५ किलोमीटरचा मातीचा रस्ता. वाटेत शंभराहून जास्त पूल. प्रत्येक पुलाखाली कोरड्या हंगामात आटत चाललेलं डबकं, डबक्यात केमन मगरी एकमेकींना खेटून, काठाला जबिरू करकोचे, बगळे, मोर शराटीचे भाऊबंद. हा रस्ता एका दमात पाच तासांत संपवणारे असतात. तुम्ही मध्ये एखाद्या गुरांच्या वाड्यावरच्या मुक्कामात दोन रात्री राहा आणि मग पुढे जा. पक्षी या पट्ट्यात आहेत.

पोर्तो जोफ्रेला होडीतून जग्वार शोधायचा. उन्हं चढली तरी तो काठावर येतो, कारण त्याला केमन हवी असते. आपला बिबट्या गळा धरतो, हा कवटीत दात रुतवतो. दोघांत फरक कसा ओळखायचा, तर अंगावरच्या पाकळ्यांच्या आत बघा: जग्वारच्या पाकळीत आत छोटे ठिपके असतात. अंगाने तो बराच भरीव, डोकं थोराड. वायरलेसवर बातमी पसरते आणि एकाच जग्वारभोवती दहा-पंधरा होड्या जमतात, हे ताडोबातल्या जिप्सींच्या गर्दीसारखंच. मी नावाड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो की गर्दी झाली की आपण निघायचं, दुसरा ओढा बघायचा. असंच एकदा निघून गेल्यावर आडवाटेच्या ओढ्यात महाकाय पाणमांजरांचं कुटुंब मिळालं. मासा कुणाचा यावरून त्यांची किचकिच चालली होती आणि चाळीस मिनिटं तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. किमान तीन पूर्ण दिवस होडीसाठी ठेवा. जुलै ते सप्टेंबरच्या जागा बऱ्याच आधी भरतात, त्यामुळे आदल्या दिवाळीत चौकशी सुरू केली तरी लवकर होत नाही.

निळ्या हायसिंथ मकावसाठीही हीच जागा. चोचीपासून शेपटीपर्यंत जवळपास मीटरभर लांब, उडणाऱ्या पोपटांत सर्वांत लांब. पांतानालमध्ये तो बहुतेक घरटी मांदुवी नावाच्या झाडाच्या ढोलीत करतो, आणि हे झाड आपल्या कांडोळाच्या जातकुळीतलं आहे. मांदुवीचं बी पसरवतो टोको टुकन, आणि तोच टुकन या मकावची अंडीही खातो. म्हणजे टुकन कमी झाले तर अंडी वाचतील, पण पुढची झाडं येणार नाहीत. २०२० च्या वणव्यांत पांतानालचा साधारण पाव भाग जळला, तेव्हा अशा जुन्या झाडांचं काय झालं असेल ही काळजी तिथल्या प्रत्येक गाईडच्या तोंडी ऐकू येते. जाण्याआधी त्या वर्षीच्या वणव्यांची आणि पाण्याची स्थिती मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

बाकीच्या जागा, थोडक्यात

पेरूत कुस्कोहून मानूकडे उतरणारा रस्ता हा कदाचित खंडातला सगळ्यात सुंदर पक्षीरस्ता असेल. साडेतीन हजार मीटरवरच्या खिंडीतून पाचशे मीटरवरच्या नदीपर्यंत. पाच-सहा दिवस हवेत, रस्ता खराब, मुक्काम साधे. वेळ कमी असेल तर प्वेर्तो माल्दोनादोहून ताम्बोपाताला जा. तिथे नदीकाठच्या मातीच्या कड्यावर सकाळी मकाव आणि पोपट शेकड्यांनी माती खायला येतात. त्या मातीत सोडियम असतं, आणि समुद्रापासून एवढ्या लांबच्या जंगलात खाण्यातून ते मिळत नाही. पाऊस पडला तर पोपट येत नाहीत, म्हणून एका सकाळीवर भिस्त ठेवू नका.

कोलंबियात तीन डोंगररांगा आणि वेगळा उभा असलेला सांता मार्ता पर्वत, त्यामुळे जाती सर्वांत जास्त. पण या रांगांमध्ये फिरण्यात वेळ जातो आणि काही भाग अजूनही टाळावे लागतात. दुसऱ्या प्रवासासाठी राखून ठेवा. गालापागोस मुख्यतः पक्षी मोजण्याची जागा नाही. जाती थोड्या, पण त्या माणसाला घाबरत नाहीत, आणि हे एकदा अनुभवावं असं आहे. परदेशी प्रौढांसाठी उद्यानाचं शुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झालंय. इक्वेडोरच्या चौदा दिवसांत गालापागोस कोंबू नका. वेगळे सात दिवस असतील तरच.

गयाना मला फार जवळचा वाटतो. तिथे अँडीजसारखी उंच शिखरं नाहीत, सोयी कमी आहेत, पण सरकारी भाषा इंग्रजी आहे, आणि १८३८ पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीयांच्या वंशजांचा आज तिथे मोठा समाज आहे. राष्ट्रीय पक्षी होआत्झिन: पिल्लाच्या पंखांवर नख्या, आणि मोठ्याच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत गाईच्या पोटातल्यासारखी पानं आंबतात म्हणून त्याला शेणासारखा वास.

पायरी ५ : निवडलेली जागा ईबर्डवर तपासून घ्या

ईबर्ड हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं संकेतस्थळ, अनेक जण आपल्या नोंदी तिथे टाकतच असतील. तिथे भाग निवडून 'बार चार्ट्स' उघडा. कुठला पक्षी कुठल्या आठवड्यात किती नियमित दिसतो हे हिरव्या पट्टीच्या जाडीवरून कळतं. मग 'टार्गेट स्पीसीज'मध्ये तुमचा महिना टाका. यादी आठशेची निघेल. त्यातले पहिले साठ पाठ करा, बाकीचे तिथे गेल्यावर. पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या मर्लिन अॅपमध्ये त्या देशाचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, कारण जंगलात नेटवर्क नसतं. एखाद्या टूर कंपनीने एखादा पक्षी 'हमखास' म्हणून सांगितला तर त्याच जागेच्या गेल्या दोन वर्षांतल्या त्या महिन्याच्या नोंदी वाचा. मला एकदा असं हमखास हार्पी गरुड दाखवायचं कबूल केलं होतं; घरट्यातलं पिल्लू कधीच उडून गेलं होतं, नोंदीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मी त्या वाचल्या नव्हत्या.

पायरी ६ : लस, व्हिसा, विमान

यलो फीव्हरची लस सर्वांत आधी. ब्राझील, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया, अर्जेंटिना, बोलिव्हिया, गयाना हे देश भारताच्या यादीत आहेत. तिथून परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. वेळ घ्यावी लागते, साठा संपतो, म्हणून दोन महिने आधी सुरुवात करा. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अॅलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण त्या वयात पहिल्या डोसचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो. अमेझॉनसाठी मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

व्हिसाचे नियम सारखे बदलतात. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना पेरू आणि कोलंबियात काही अटींवर वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळत आलाय. इक्वेडोरला आणि ब्राझीलला व्हिसा लागतो. दूतावासाच्या संकेतस्थळावरचं आजचं वाक्य वाचूनच तिकीट काढा. मुंबईहून थेट विमान नाही. दोहा, दुबई किंवा आदिस अबाबाहून साओ पाओलो, नाहीतर युरोपमार्गे क्विटो. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसाही लागतो. दुर्बीण, औषधं आणि एक जोड कपडे हातातल्या बॅगेत. माझी मोठी बॅग एकदा चार दिवसांनी आली.

पायरी ७ : अंग, पोट आणि सामान

क्विटो २,८५० मीटरवर आहे, कुस्को ३,४०० वर. पहिले दोन दिवस सावकाश चाला, पाणी प्या, दारू नको, रात्रीचं जेवण हलकं. पेरूत कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथे कायदेशीर आहे. पण पानं किंवा पुड्या आठवण म्हणून भारतात आणू नका, इथे तो गुन्हा आहे.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या. १० पटीची आपल्या माळरानावर बरी, पण अंधाऱ्या जंगलात हलते आणि जवळचा पक्षी शोधायला उशीर लावते. आपल्यासारखा जळवांचा त्रास तिथे नाही. त्रास चिगर नावाच्या बारीक किड्यांचा, गवतातून पायावर चढतात आणि आठवडाभर खाज सोडत नाहीत. पँट मोज्यात खोचा. अमेझॉनमधले बहुतेक मुक्काम गमबूट देतात, तुमचं माप आधी कळवा. वही वॉटरप्रूफ असेल तर उत्तम, नसेल तर झिपच्या पिशवीत.

शाकाहाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. स्पॅनिशमध्ये 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं की बऱ्याचदा फक्त गोमांस काढतात आणि ताटात कोंबडी येते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासे काहीच नको) असं पूर्ण म्हणा आणि मुक्काम ठरवतानाच लिहून कळवा. भात, राजम्यासारखी उसळ, केळ्याचे काप, इक्वेडोरचं बटाटा-चीजचं सूप, यांवर पोट भरतं. फक्त ब्राझीलमध्ये उसळीत डुकराचं मांस आहे का ते विचारा. बाकी ब्राझीलमध्ये तुम्हाला अर्धे शब्द येतातच. बटाटा, पाव, काजू, चावी हे पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेले शब्द तिथे थोड्या वेगळ्या उच्चारात रोज ऐकू येतात. आणि बटाटा तर मुळात अँडीजच्या उतारावरचाच.

पायरी ८ : गाईड

स्थानिक गाईड घ्या, एखादा मुक्काम कमी करावा लागला तरी चालेल. जंगलात ऐंशी टक्के काम कानाचं असतं आणि ते कान तुमच्याकडे अजून नाहीत. ठरवतानाच विचारा: गटात किती जण, पहाटे किती वाजता निघणार, आवाज वाजवून पक्षी बोलावणार का. एकदा हळू आवाजात वाजवून थांबणं वेगळं आणि घरट्याच्या दिवसांत पुन्हा पुन्हा वाजवणं वेगळं. दुसरं होत असेल तर थांबवायला सांगा, पैसे देणाऱ्याचं ऐकतात. गालापागोसला प्राण्यांपासून दोन मीटरचा नियम आहे. समुद्रसिंह स्वतःहून जवळ आला तर आपणच मागे सरकायचं.

क्विटोला उतरल्यावर पहिल्या सकाळी कुठेही जाऊ नका. वेळेच्या साडेदहा तासांच्या फरकामुळे तुम्ही चारलाच जागे झालेले असाल. सहाला हॉटेलच्या बागेत किंवा जवळच्या चौकात दिवसाउजेडी बसा. मानेला तांबूस पट्टा असलेली, शेंडी उभारणारी चिमणीएवढी रुफस-कॉलर्ड स्पॅरो. काळपट, पिवळ्या चोचीचा ग्रेट थ्रश. तारेवर बसलेला इअर्ड डव्ह, आपल्या होल्यासारखा. आणि एखाद्या फुलाशी हिरवी-जांभळी झळाळी दिसली तर ती स्पार्कलिंग व्हायोलेटिअर. पहिल्या पानावर ही चार नावं तारीख-वेळेसह लिहा, मग नाश्ता करा आणि दुपारी झोप काढा. तांदायापाची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला आहे.